बघ्यांची तालीम

18 जून 2024 ची सकाळ. वसई पूर्वेच्या चिंचपाड्यात, लोक कामावर निघाले असताना, एका तरुणाने आपल्याशी नातं तोडलेल्या तरुणीला भर रस्त्यात लोखंडी पान्याने मारून ठार केलं. रस्ता ओस नव्हता. एक जण पुढे झाला, हल्लेखोराने धमकावल्यावर मागे हटला. बाकीचे बघत राहिले. तरुणाचा त्रास आधीपासून सुरू होता आणि पोलिसांत तक्रारही केली होती, असं तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं.

तिथून जवळचा वालीव, गोखिवरे, सातिवली हा सगळा पट्टा कारखान्यांच्या गाळ्यांचा. चाळीतल्या एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहतं, आई-वडील दोघंही कामावर असतात आणि मुलांच्या हातात मोबाइल असतो. त्या सकाळचं चित्रण यांतल्या कित्येक मुलांनी त्याच मोबाइलवर पाहिलं असणार. त्यांच्याशी त्याबद्दल कोण काय बोललं?

लैंगिकता, नाती आणि त्यांतली हिंसा यांवर न बोलण्याची आपली सवय जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 साली लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि आयुष्यभर खटले आणि टीका सोसली. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, 2007 मध्ये, महाराष्ट्र सरकारने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांविषयीचा अहवाल आला. महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो तयार झाला होता, आणि त्यांतल्या 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानंतर चित्र काहीसं पालटलं. ‘कोमल’ हा चाइल्डलाइनचा छोटा अ‍ॅनिमेशनपट देशभर दाखवला गेला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चांगला आणि वाईट स्पर्श, ‘नाही’ म्हणणं, विश्वासातल्या माणसाला सांगणं, 1098 हा मदतक्रमांक, हे धडे मुलांपर्यंत पोचले, आणि ते पोचायलाच हवे होते. मात्र हे सगळं जिच्यावर अत्याचार होऊ शकतो त्या मुलीला किंवा मुलाला उद्देशून आहे. अत्याचार करू शकणारा मुलगा आणि शेजारी उभा असलेला त्याचा मित्र यांच्यासाठी आपल्याकडे जवळजवळ काही नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचाराने राज्य हादरलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने नेमकं याच जागी बोट ठेवलं. स्वतःहून दखल घेतलेल्या त्या प्रकरणात न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांनी ‘सातच्या आत घरात’ या चित्रपटाचा उल्लेख केला आणि हे बंधन फक्त मुलींनाच का, असं विचारलं. मुलग्यांना लहानपणीच योग्य काय, अयोग्य काय ते शिकवा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सरकारी आदेशांचा भर मात्र शाळांतल्या सीसीटीव्हीवर राहिला. कॅमेरे हवेत, पण चिंचपाड्यातही चित्रण झालंच होतं.

मुलग्यांना शिकवण्याचे प्रयोग मुंबईत झालेले आहेत. 2008 पासून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ हा उपक्रम चालला. आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था त्यामागे होत्या. नंतर ‘परिवर्तन’मध्ये क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच तयार केलं गेलं. सरावाला आलेल्या पोरांशी मुलींना मान देण्याबद्दल बोलायचं काम त्यांचं. या उपक्रमाची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. मुलांच्या विचारांत फरक दिसला. चूक घडताना मध्ये पडण्याच्या वागण्यात तसा ठळक फरक दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. काय बरोबर ते कळणं आणि ऐन वेळी तोंडातून शब्द फुटणं यांत जे अंतर आहे, ते व्याख्यानाने कापता येत नाही. त्याला सराव लागतो. तो सराव मोबाइल किंवा संगणकावरच्या खेळातून देता येतो; डिजिटल खेळाचं खरं काम इथे सुरू होतं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 2006 मध्ये 18 वर्षांच्या जेनिफर अ‍ॅन क्रेसेंटीचा तिच्या पूर्वीच्या मित्राने खून केला. तिच्या वडिलांनी तिच्या नावाने संस्था काढली आणि 2008 पासून किशोरांच्या नात्यांतल्या हिंसेवरच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा सुरू केली. अट अशी की खेळात हिंसा दाखवायची नाही. त्या स्पर्धेतून आलेल्या ‘ग्रेसेस डायरी’त गोळीबार नाही की पाठलाग नाही, मैत्रिणीचं नातं बिघडतंय हे ओळखायचं आणि तिच्याशी कसं बोलायचं ते शोधायचं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2015 मध्ये केलेल्या खेळात तुम्ही मित्रांच्या घोळक्यातले एक असता. कुणी शेरा मारतो, कुणी हसतो. बोलायचं की गप्प बसायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि त्या निवडींचा परिणाम तुमच्यासमोर येतो.

आपल्या देशातही सुरुवात झाली आहे. कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी 2016 मध्ये ‘मिसिंग’ हा मोबाइल गेम आणला. देहविक्रीसाठी पळवलेल्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून तो खेळायचा असतो. 2022 मधल्या ‘गो निशा गो’त खेळणारी निशाच्या वतीने पाळी, गर्भनिरोध आणि नात्यांबद्दलचे निर्णय घेते. ब्रिटनच्या हडर्सफील्ड विद्यापीठाच्या ‘नन इन थ्री’ प्रकल्पाने अशा खेळांसाठी निवडलेल्या देशांतही भारत होता.

वसईच्या पट्ट्यासाठी असा खेळ करायचा तर तो इथलाच हवा. मराठी-हिंदी मिसळलेली बोली हवी. शेअर रिक्षा, ट्यूशनचा जिना, गाळ्यांमागची गल्ली, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवा. आणि गोष्ट पान्यापासून सुरू व्हायला नको, खूप आधीपासून हवी. मित्र एका मुलीचा फोटो ग्रुपवर टाकतो. ती ‘नाही’ म्हणाली तरी रोज स्टेशनपर्यंत मागे जातो. तिचा मोबाइल तपासतो, मग फोडतो. प्रत्येक वेळी खेळणारा त्याचा दोस्त आहे आणि त्याला उत्तर द्यायचं आहे. थट्टा करून विषय उडवता येतो, मित्राला बाजूला घेता येतं, मुलीला विचारता येतं, बाईंना सांगता येतं. रस्त्यावरच्या प्रसंगातही एकट्याने अंगावर जाणं हा एकच मार्ग नसतो: ओरडून चार माणसं गोळा करणं, तिला दुकानात ओढून घेणं, 112 फिरवणं. चिंचपाड्यात पुढे झालेला तो एक माणूस एकटा पडला. आणखी तिघं त्याच्यासोबत सरसावले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न खेळात पुन्हापुन्हा विचारता येतो.

हा खेळ फक्त डाउनलोडच्या भरवशावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. घरातल्या एकुलत्या फोनवर मुलगी हा खेळ उघडेल तेव्हा तो कुणाच्या नजरेसमोर असेल? आणि अत्याचार करणाराच घरातला असेल तर? त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत, प्रशिक्षित शिक्षिकेच्या देखरेखीखाली, चौघाचौघांत एक टॅब देऊन खेळवावा. निवड करण्याआधी मुलांना आपसांत वाद घालू द्यावा. तो वाद हाच तास.

त्या तासानंतर एखादं मूल वर्गात मागे रेंगाळेल. बाईंनी त्याचं ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. पॉक्सोच्या कलम 19 नुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. पुढे मुलासोबत पोलिस ठाण्यात कोण जाईल, समुपदेशन कोण करेल, घर सुरक्षित नसेल तर ते रात्री कुठे राहील, याची उत्तरं विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीकडे पहिला टॅब सुरू होण्याआधी लिहून तयार असायला हवीत.