टॅरो : सोन्याचा वर्ख लावलेले पत्ते

टॅरो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मेणबत्ती, जांभळा रुमाल आणि 'लग्नाचा योग' सांगणारं रील. पण हे भविष्याचं प्रकरण पत्त्यांना चिकटलं ते अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. त्याआधी तीनेकशे वर्षं इटलीत टॅरोचे चक्क डाव रंगायचे. पेले, नाणी, तलवारी आणि दंड असे चार रंग, आणि वर चित्रांचे खास पत्ते, म्हणजे कायमचे हुकूम. त्यांना 'त्रिओन्फी' म्हणत. इंग्रजीतला 'ट्रम्प' तिथलाच.

आजचा विषय आहे मिलानचा व्हिस्कोंती-स्फोर्झा संच. १४५० च्या आसपास तिथल्या ड्यूकच्या घराण्यासाठी तो हाताने रंगवला गेला. बोनिफाचो बेंबो या चित्रकाराचं नाव त्याला जोडतात. एकेक पत्ता १७ सेंटीमीटरहून उंच, तुमच्या हातातल्या फोनपेक्षाही मोठा. आता पिसा बघू!

मला विचाराल तर खरी कारागिरी सोन्यात आहे. जाड पुठ्ठा, त्यावर सोन्याचा वर्ख आणि वर्खावर बारीक ठसे ठोकून काढलेली तिरप्या चौकटींची जाळी. नुसतं गुळगुळीत सोनं एकाच बाजूने चमकतं. इथे ठशांच्या खळग्यांमुळे पत्ता जरा कलवला की उजेड त्यावरून सरकत जातो. मेणबत्तीच्या उजेडात डाव मांडला असेल तर काय दिसत असेल! स्क्रीनवर मात्र तेच सोनं मळकट पिवळं दिसतं, कारण स्कॅन हलत नाही ना.

एक पत्ता आहे उलटा टांगलेल्या माणसाचा. आज त्याचे गूढ अर्थ लावतात. पण तेव्हा इटलीत गद्दारांची अशी उलटी टांगलेली चित्रं भिंतीवर रंगवून त्यांची बेअब्रू करायची पद्धतच होती. बघणाऱ्याला ते लगेच कळत असणार. चित्रातला माणूस मात्र एकदम शांत आहे.

चंद्र, सूर्य, तारा धरून सहा पत्त्यांवर वेगळाच हात दिसतो. बहुधा नंतर कुणीतरी भर घातली, आमच्या भाषेत पॅच.

७८ पैकी ७४ पत्ते उरलेत. सैतान आणि मनोरा नाहीत, म्हणून इंटरनेटवर भुताटकीच्या गोष्टी फिरतात. पण तलवारीची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वारही गायब आहेत, त्यांना कोण घाबरलं होतं?

उरलेल्यांपैकी ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारात आणि १३ एका घराण्याकडे. एवढ्या वर्षांत एकच जोड तीन घरी वाटला गेलाय.