चारचौघे आणि एकटा

आपल्या बोलण्यात 'चारचौघे' हा शब्द फार येतो. मुलीने किती शिकावे, मुलाने कोणाशी लग्न करावे, बारशाला किती पाने उठावीत, म्हाताऱ्याच्या तेराव्यासाठी कर्ज काढावे की काढू नये, या सगळ्याचा निकाल 'चारचौघे काय म्हणतील' एवढ्या एका वाक्यात लागतो. हे चौघे कोण, कोणत्या आळीत राहतात, असे कोणी विचारले तर मात्र उत्तर मिळत नाही. ज्याला त्याला वाटते, ते चौघे म्हणजे आपण सोडून बाकीचे. वाचकहो, या न दिसणाऱ्या चौघांचा आणि त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाचा थोडा हिशेब आज मांडू. तो कथाकादंबऱ्यांत जसा आहे, तसाच देशाच्या कारभारातही आहे.

कुंभार पिंपळगावच्या मंडळींना उदाहरणासाठी लांब जायला नको. याच घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेला नारायण बारा वर्षांचा असताना लग्नाच्या मांडवात उभा राहिला, 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि तो मांडवातून पळाला, असे परंपरा सांगते. आपण ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातला धक्का निघून गेला आहे. मांडवातली माणसे क्षणभर डोळ्यांपुढे आणा. वधूपिता, करवल्या, पंगतीला बसायच्या बेतात असलेले पाहुणे. त्या दिवशी जांबेत त्या मुलाचे कौतुक झाले असेल का? आज कोणाचा मुलगा असा पळाला तर आपण काय म्हणू, तेच त्या दिवशीही म्हटले गेले असणार. आणि गंमत पाहा, एकटा पळालेल्या याच माणसाने पुढे गावोगाव मठ उभारले, शिष्यांची शिस्तबद्ध फळी उभी केली. म्हणजे एकटेपण आणि संघटना यांचे हाडवैर आहे असे समजायचे कारण नाही.

वैर असलेच तर ते दुसऱ्या एका गोष्टीशी आहे. ती काय, हे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत दाखवून दिले. १८९० पासून ती त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुरी झाली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते. तिचा नवरा चांगला आहे, तिला लिहावाचायला उत्तेजन देणारा आहे. तो अकाली जातो, आणि घरातली माणसे यमूचे तिच्या मनाविरुद्ध केशवपन करतात. आता असे पाहा, ते करा म्हणून सरकारचा हुकूम नव्हता. पोलीस आले नव्हते. जे केले ते घरच्या माणसांनी, आणि तेही रीत म्हणून. म्हणूनच ही कादंबरी वाचताना राग नेमका कोणावर काढावा ते कळत नाही. गुन्हेगार सापडत नाही, फक्त रीत सापडते.

ही झाली कादंबरी. पण ती संपली त्याच साली, १८९३ च्या मार्चमध्ये, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कर्वे स्वतः विधुर. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. पुढे पतिपत्नी कोकणात मुरूडला, कर्व्यांच्या गावी गेली, तेव्हा गावाने बहिष्काराचा निर्णय केला. कर्व्यांना जवळ करील त्या घराची गत तीच, असा त्याचा अर्थ. म्हणजे शिक्षा एकट्याला नव्हती. म्हातारी आई आणि भाऊ यांच्यावरही तिचे ओझे टाकलेले होते. बहिष्काराची खरी तऱ्हा हीच. तो बंडखोराला हात लावत नाही, त्याच्या आईचे पाणी तोडतो. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि १९५८ मध्ये वयाच्या शंभरीत भारतरत्न. पण शेवट गोड झाला म्हणून १८९३ ची मुरूडची बैठक विसरायची नसते. अशा बैठकांपुढे मान टाकणारे किती झाले, त्यांची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग गाव म्हणजे नुसता जाचच का? मुळीच नाही. सावड काय असते ते आपल्या भागातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू. इर्जिकीला दहा घरचे बैल एका शिवारात उतरत. मयताला गाव धावते, विहिरीत कोणी पडले तर गाव धावते. याशिवाय खेडे जगलेच नसते. पण सावडीत आणि बहिष्कारात एक मोठा फरक आहे, बरं का. सावडीला यायचे की नाही हे तुम्ही ठरवता, आणि आलात तर कामापुरते येता. तुमची मुलगी कोणाला द्यायची हे सावड विचारत नाही. बहिष्कार नेमके तेच विचारतो.

हा फरक कायद्यात बसवणे सोपे गेले नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्याला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. युक्तिवाद असा, की आपल्या पंथाचे धार्मिक व्यवहार पाहणे हाही पंथाचा हक्क आहे. म्हणजे समूहाचे स्वातंत्र्य एका बाजूला आणि माणसाचे स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला. खंडपीठात या निर्णयाशी असहमत असलेले एकच न्यायमूर्ती होते, आणि ते होते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा. तिथेही एकटा! त्यानंतर पन्नासावर वर्षे गेली. जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकल्याच्या बातम्या येतच राहिल्या. अखेर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षक मंडळींनी एवढे तरी गावात सांगून ठेवावे, कारण ज्याला वाळीत टाकले त्याच्याशी बोलायला पहिल्यांदा कोणी तयारच नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. मसुद्याने खेड्याला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले, याचा आपल्याला आनंद आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. खेड्यावर प्रेम करणाऱ्या अनेक सभासदांना ते फार लागले. आपल्यालाही लागावे असेच ते बोलणे होते. पण ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याने गावाला प्रमाण का मानावे? मला तरी या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही.

आता दुसरी बाजूही पाहू. चारचौघांना झुगारले की माणूस आपोआप मोकळा होतो का? भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो. त्याला कॉलेजात, वसतिगृहात कशातच रस वाटत नाही, बापाशी पटत नाही, आणि अखेर तो गावी परत येतो. यमूला बोलायची चोरी होती. पांडुरंगाला बोलायची मुभा आहे, पण काय करावे ते सापडत नाही. पुष्कळ पोरे त्याच्या बोलण्याची नक्कल तेवढी उचलतात. सगळ्यांनी मिळून एकसारखे बंडखोर व्हायचे, ही चारचौघांचीच नवी तऱ्हा.

राष्ट्राच्या पातळीवर हे चारचौघे आपल्याला दिसले ते आणीबाणीत. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. रेडिओवरून त्या दिवसांत काय ऐकू येत होते, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. शिस्तीच्या नावाने सगळा देश एका सुरात बोलू लागला. त्याच वर्षी डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. जयप्रकाश नारायण नजरकैदेतून सुटले होते, पण आजारी होते. दुर्गाबाईंनी त्या मांडवात लोकांना जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले. आणि लोक उभे राहिले! मला या प्रसंगात दुर्गाबाईंच्या धैर्याइतकेच ते उभे राहणे महत्त्वाचे वाटते. त्या हजारो माणसांच्या मनात ते आधीच होते. प्रत्येकाला वाटत होते, आपण एकटेच आहोत. एकीने तोंड उघडले तेव्हा कळले की चारचौघे आपल्यासारखेच आहेत. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. सभांना गर्दी करणारे, मान डोलावणारे, गप्प बसणारे, सगळेच मतदान केंद्रावर गेले. कोणाच्या मनात काय आहे हे निकाल लागेपर्यंत कळले नाही, आणि निकाल लागला तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून पराभूत झाल्या होत्या. मत देण्याच्या जागेला आडोसा असतो तो याचसाठी. त्याच्यामागे एका वेळी एकच माणूस जातो. आपल्यातले कितीतरी शिक्षक निवडणुकीच्या कामावर असतात. आदल्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत तो आडोसा त्यांच्याच हातांनी उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादा कारभारी 'तिला काही समजत नाही' म्हणत बायकोमागून आत जाऊ लागला, तर त्याला दाराशी थांबवणे हेही त्यांच्याच वाट्याला येते.