झावळीचं वर्ष

राख करायची तर वारा उठायच्या आत करावी लागते. वसईतल्या वटारपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की घमेल्यातलं काही जागेवर राहत नाही. म्हणून १७ फेब्रुवारीच्या मंगळवारी सकाळी सातलाच आम्ही चौघंजण चर्चच्या मागच्या अंगणात जमलो. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ त्या दिवशी सुरू होतो आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात. ती राख चुलीतली नसते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक वर्षभर घरात ठेवतात, त्या परत येतात आणि त्यांचीच राख होते. लहानपणापासून ही राख कपाळाला लागत आली, पण ती करायला मी पहिल्यांदाच बसले होते.

दोन टोपल्या भरल्या होत्या. वर्षापूर्वी पिवळट, ओलसर असलेली पात तपकिरी होऊन वाळली होती, पण घड्या अजून तशाच. कुणी साधा क्रूस केलेला, कुणी वेणी घातलेली, कुणी अख्खी पातच दुमडून ठेवलेली. एका क्रूसाला लाल दोरा होता, एकाला तसबिरीचा खिळा अडकून आलेला. आधी हे सगळं निवडायचं. दोरा, रबर, टाचणी, प्लॅस्टिकचं फूल यातलं काहीही आगीत जाता कामा नये, कारण ते उद्या कुणाच्या तरी कपाळावर जाणार. निवडण्यातच पाऊण तास गेला. बरोबरच्या मावशी निवडता निवडता ओळखत होत्या, ही घडी अमक्या आळीतली, ही तमक्या घरची. सुनांनी सासूची घडी उचललेली असते, म्हणाल्या. मला सगळे क्रूस सारखे दिसत होते.

वाळलेली झावळी पेट घेते ती एकदम. कडकड वाजते, ज्वाळा हातभर उठते आणि दोन मिनिटांत विझतेही. मला वाटलं होतं, जाळलं की राख झाली. तसं नाही. पूर्ण जळू दिली तर राख पांढुरकी होते आणि कपाळावर दिसत नाही. कमी जळली तर पातीचे तुकडे राहतात आणि कुटताना त्रास देतात. ज्वाळा बसली आणि पात काळी होऊन आत लाल धग उरली, की लगेच वर झाकण टाकून आग कोंडायची. हा क्षण पकडणं हेच सगळं कसब. मावशींच्या हातात जुन्या पातेल्याचं जड झाकण होतं. त्या ज्वाळेकडे नाही, धुराकडे बघत होत्या. धूर पांढऱ्याचा निळसर झाला की झाकण. माझा पहिला घाणा पांढरा पडला, तो त्यांनी शांतपणे वेगळ्या डब्यात काढला. फेकला नाही. आशीर्वादाची झावळी, ती माडाच्या बुंध्यात गेली.

गार झाल्यावर खलबत्त्यात कुटायची आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायची. दोन टोपल्यांची राख शेवटी एका स्टीलच्या वाटीत आली. एवढीशी वाटी पुरेल का, असं मी विचारलं तर सगळे हसले. एका कपाळाला चिमूटसुद्धा लागत नाही.

ओली करू का, हेही मी विचारलं. मावशी म्हणाल्या, “भांडी कशाने घासायचो आपण?” मग लक्षात आलं. नारळाच्या राखेत क्षार भरपूर, म्हणून तर तिने तेलकट भांडी लख्ख निघत. पाणी घालून ती कपाळावर लावली तर कातडी चुरचुरते, जास्त झाली तर भाजतेही. म्हणून राख कोरडीच ठेवायची, आशीर्वादाच्या वेळी तीर्थाचा शिंतोडा पडतो तेवढाच. भांडी घासून घासून हात झिजलेल्या बायकांना हे रसायन शिकवावं लागत नाही.

ही झावळी आली कुठून, तर वर्षभर मागे जावं लागेल.

झावळ्यांचा रविवार २०२५ साली १३ एप्रिलला होता. आदल्या दिवशी हनुमान जयंती. यात योगायोग कमी आहे. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार म्हणजे पुनरुत्थानाचा सण, असा चर्चचा हिशेब, आणि झावळ्यांचा रविवार त्याच्या आठवडाभर आधी. त्यामुळे आमचा पवित्र सप्ताह कधी होळीच्या पौर्णिमेच्या आसपास येतो, कधी चैत्री पौर्णिमेच्या. आमच्या वाडीत माडावर चढणारा गडी हिंदू. शनिवारी सकाळी तो मारुतीला नारळ फोडून आला, आम्हाला प्रसाद दिला आणि कोयता कमरेला लावून माडावर चढला.

क्रूस विणायला हिरवी, उघडलेली झावळी चालत नाही. ती राठ असते, घडीवर चिरते. लागतो तो शेंड्यातला न उघडलेला कोंब. त्याच्या आत पाती एकमेकींना चिकटून असतात, फिक्या पिवळ्या आणि मऊ. पण माडाला वाढीचं टोक एकच. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते, माडाचा गाभा दुखावला तर अख्खा माड मरतो. म्हणून गडी कोंबाच्या वरच्या भागावरच कोयता चालवतो, खालचा गाभा राखतो आणि जखमेत वाळू भरून उतरतो, नाहीतर गेंड्या भुंगा तिथूनच आत शिरतो. एका माडाचा कोंब काढला की त्याला दोन-तीन वर्षं हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम.

त्यात शेतकऱ्याचं काय जातं, हे वाडी नसलेल्याला कळत नाही. माडाला महिन्याला साधारण एक पान येतं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, आणि एका पोयीची एक पेंड. पान गेलं की त्या पोयीला पोसणारं कुणी उरत नाही. म्हणजे चर्चला दिलेली एक झावळी ही पुढच्या नारळांची एक पेंड असते. आजोबा कोंब देताना कधी बोलून दाखवत नसत, पण कोणत्या माडाचा दिला ते त्यांना पुढची दोन वर्षं लक्षात असे.

त्या शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बायका जमतात. कोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले, कारण तासाभराच्या उन्हातसुद्धा पात वाळून जाते. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या आता मोजक्या उरल्या, त्या भिंतीला टेकून बसतात. बोलणं आमच्या कादोडी बोलीत, प्रार्थना प्रमाण मराठीत. आधी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, मग हात चालू होतात. खरं तर रोझरीतच हात चालू झालेले असतात.

पातीची हीर अंगठ्याच्या नखाने खालून वर सोलून काढायची. मग एक लांब पट्टी हातात राहते. तिचं एक टोक खाली उभं धरायचं, तो क्रूसाचा खांब. उरलेली पट्टी वरून मागे वळवून मध्यावर आणायची, उजवीकडे काढून दुमडायची, परत डावीकडे नेऊन दुमडायची. हे झाले दोन हात. आता मधल्या सांध्यावर पट्टी एकदा तिरकी, मग उलट तिरकी फिरवायची. समोर बारीक फुली दिसते. शेवट मागच्या फटीत खोचायचा. गाठ नाही, गोंद नाही, टाचणी नाही. पात वाळताना आकसते आणि घडी आपोआप घट्ट बसते. माझे क्रूस कित्येक वर्षं दुसऱ्या दिवशी सुटायचे. मी पट्टी ताणून घट्ट करायला बघत असे. “ओढू नको, बसव,” असं मावशींनी एकदा सांगितलं, आणि हात बसवून दाखवला.

रविवारी सकाळी मिरवणूक निघते. धर्मगुरू लाल झग्यात, लोकांच्या हातात झावळ्या. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी त्याचं असं स्वागत केलं. चारही शुभवर्तमानांत ही कथा आहे, पण खजुरीच्या झावळ्यांचं नाव घेतो तो एकटा योहान. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची यात्रेकरू यरुशलेमला गेली, तिने खजुरीच्या आणि ऑलिव्हच्या फांद्या घेऊन डोंगरावरून उतरणाऱ्या लोकांची मिरवणूक लिहून ठेवली आहे. पुढे थंड देशांत खजुरी नव्हती, तिथे लोकांनी विलोच्या डहाळ्या घेतल्या. वसईने माड घेतला. माझ्या मते तो पर्याय म्हणून घेतला नाही, घरचा होता म्हणून घेतला. याच झावळ्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, भिजवून आमच्याकडे झाप विणले जात, याच पातीच्या हिरांचे खराटे होत. देवळात न्यायचं ते वाडीतलंच, एवढी साधी गोष्ट.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, त्या दिवशी येशूच्या दुःखसहनाचं दीर्घ वाचन होतं, निवेदक, येशू आणि जमाव अशा वेगवेगळ्या आवाजांत. मावशींच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. शब्द पाठ, अर्थ कुणाला माहीत नाही. १९६२ ते १९६५ दरम्यान दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि वेदीवर मराठी आली. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत मात्र त्याच्या कितीतरी आधी आली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. वटारच्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तेच फादर वसईची हिरवळ वाचवायला रस्त्यावरही उतरले होते. बायबल मराठीत आणणं आणि वाडी राखणं ही त्यांची दोन वेगळी कामं होती, असं मला कधी वाटलं नाही.

रविवारचा क्रूस घरी येतो आणि घरच्या आल्तारावरच्या तसबिरीमागे खोचला जातो. पुढे वर्षभर त्याच्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही. रोज तिन्हीसांजेला घंटा होते, दिवा लागतो, रोझरी होते, मुलं मोठ्यांचे आशीर्वाद घेतात, आणि तो तिथे असतो. पहिल्या पावसात पिवळा रंग जातो. आषाढात फार विजा कडाडल्या तर आजी त्यातली बोटभर पात मोडून निखाऱ्यावर टाकायची आणि प्रार्थना म्हणायची. नाताळात गोठा मांडताना तसबीर हलते, तेव्हा लक्षात येतं की तो आता वाळून कोळ झालाय.

२०२० साली झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला आणि टाळेबंदीत चर्च बंद होतं. मिरवणूक नाही, आशीर्वादाची झावळी नाही. आमच्या घरी आधी द्यायचा राहून गेलेला २०१९ चाच क्रूस राहिला. २०२१ च्या राखेच्या बुधवारी तो आम्ही दिला. त्या वर्षी स्पर्श नको म्हणून धर्मगुरूंनी मुखपट्टी लावून, न बोलता प्रत्येकाच्या माथ्यावर राख भुरभुरली. त्या राखेत दोन वर्षं होती.

यंदा बुधवारी पहाटेच्या मिस्सेला अंधारातच गर्दी झाली. दादरला फुलं नि भाजी नेणाऱ्यांना, नालासोपाऱ्याहून लोकल पकडणाऱ्यांना तीच वेळ सोयीची. वेदीवर जांभळं वस्त्र. रांग सरकत होती. मातीचा आहेस, मातीत जाशील, अशा अर्थाचं वाक्य धर्मगुरू प्रत्येकाला वेगळं, त्याच्या डोळ्यांकडे बघत सांगत होते. लहान मुलालाही तेच, ऐंशीच्या म्हातारीलाही तेच. वाटीतली राख मी ओळखत होते. त्यात त्या लाल दोऱ्याचा क्रूस होता, सुनेने उचललेली सासूची घडी होती. आजवर ती राख मला मरणाची आठवण वाटायची. त्या दिवशी ती मला माणसांची वाटली.

अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या सगळ्यांना त्या दिवशी उपास, एकच पूर्ण जेवण. मांस नाही. वाड्यांवरचे लग्नाचे मांडव त्याआधीच उतरलेले असतात, कारण चाळीस दिवस लग्न नाही, बँड नाही. शुक्रवारी क्रूसाची वाट, चौदा स्थानं. आणि महिन्याभराने पुन्हा कोंब काढायला माड शोधायचा.

शोधायचाच, कारण माड कमी होत आहेत. वाड्या विकल्या जातात, बावखलं बुजतात, तिथे इमारती उभ्या राहतात. चढणारे गडी मिळत नाहीत. राखेची तयार पाकिटंही विकत मिळतात. फार मोठ्या शहरात, जिथे माडच नाही, तिथे त्याला इलाज नसेल. वटारला ते मला मान्य नाही. इथे कोंब देणारा शेतकरी एक पेंड सोडतो, गडी जीव सांभाळून चढतो, बाई शंभर क्रूस बसवते, घर वर्षभर तो सांभाळतं आणि मग राख होते. पाकिटातल्या राखेमागे यातलं कुणीच उभं नसतं.

वाडी असेल तर बांधावर एक माड लावा, सहा-सात वर्षांत तो धरेल. नसेल तर एवढंच करा. राखेच्या बुधवारच्या आधी दोन रविवार चर्चच्या दाराशी टोपली ठेवलेली असते. तसबिरीमागची जुनी झावळी कचऱ्यात टाकू नका. दोरा, टाचणी काढा आणि तिथे आणून द्या.