विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्‌स कारचे पॉवर स्टीअरिंग जड का होते? रॅक बदलण्याआधी काय तपासावे?

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे निघालेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री अचानक समोर आली, तर गाडी क्षणात बाजूला काढावी लागते. अशा वेळी स्टीअरिंग जड असेल तर ते अपघाताचे कारण ठरू शकते. हौसेने सांभाळलेल्या जुन्या वेगवान गाड्यांत ही तक्रार हमखास आढळते. २००१ मध्ये आलेली फियाट पालिओ १.६ किंवा त्यानंतरची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही त्याची उदाहरणे. दोष नेमका कुठे असतो आणि तो कसा शोधायचा?

पॉवर स्टीअरिंग काम कसे करते?

या काळातल्या बहुतेक गाड्यांत हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असते. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो आणि ऑइलवर दाब निर्माण करतो. पूर्ण जोर लागतो तेव्हा हा दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तीस-चाळीस पट. आपण स्टीअरिंग फिरवले की आतली बारीक दांडी किंचित पिळली जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल रॅकला त्या बाजूला ढकलते. ट्रॅक्टरच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही पंप आणि ऑइलचा दाब हेच तत्त्व असते. त्यामुळे हे काम गावातल्या अनेक मेकॅनिकना अनोळखी नाही.

आधी टायर का पाहायचे?

स्टीअरिंग जड होण्याचे सर्वांत स्वस्त कारण म्हणजे पुढच्या टायरमध्ये कमी हवा. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणामागे दिलेला आकडा पाहा आणि टायर थंड असताना हवा तपासा. दुसरा प्रश्न स्वतःला विचारा : आधीच्या मालकाने रुंद टायर, मोठी अलॉय व्हील्स किंवा लहान स्टीअरिंग व्हील बसवले आहे का? रुंद टायरची रस्त्यावरची पकड वाढते, तर लहान व्हीलमुळे हाताला जास्त जोर लावावा लागतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

दोष पंपात की चाकांकडे?

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. सपाट जागेवर हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना उटी द्या. पुढची दोन्ही चाके जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून स्टीअरिंगचे लॉक उघडा आणि चाके दोन्ही बाजूंना वळवा.

- चाके हवेत असूनही अडकत, खरखरत वळत असतील तर दोष यांत्रिक आहे. बॉल जॉइंट, शॉकअॅब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग, स्टीअरिंग कॉलमचा जॉइंट आणि रॅक तपासा. काळ्या मातीच्या चिखलात आणि धुळीत रॅकचे रबरी बूट फाटले तर आत माती जाऊन तो लवकर झिजतो.
- चाके सहज वळत असतील, पण जमिनीवर इंजिन चालू असताना स्टीअरिंग जड लागत असेल, तर संशय ऑइल, बेल्ट आणि पंपावर जातो.

लक्षणांवरून काय ओळखायचे?

- वळवताना चीं-चीं आवाज : बेल्ट सैल किंवा झिजलेला. पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेल्यावर हा आवाज वाढतो.
- गुरगुरणे आणि डबीतल्या ऑइलवर फेस : ऑइल कमी आहे किंवा त्यात हवा शिरली आहे.
- उभ्या गाडीत जड, रेस दिल्यावर हलके : पंप अशक्त झाला आहे किंवा बेल्ट घसरतो आहे.
- सकाळी ठीक, उन्हात तासभर चालवल्यावर जड : ऑइल जुने झाले आहे किंवा पंप आतून झिजला आहे. गरम ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून दाब निसटतो.
- एकाच बाजूला जड : रॅकचा व्हॉल्व्ह किंवा आतले सील.

वेग वाढल्यावर स्टीअरिंग थोडे घट्ट होणे मात्र अनेक गाड्यांत मुद्दामच ठेवलेले असते. तो दोष नव्हे.

ऑइल कोणते आणि कसे बदलायचे?

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच ऑइल वापरा. अनेक गाड्यांना लाल एटीएफ चालते, काही युरोपीय गाड्यांना हिरवे सिंथेटिक हायड्रॉलिक ऑइल लागते, तर होंडा स्वतःचे वेगळे ऑइल सांगते. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, त्याने सील फुगतात. काळे, जळकट वासाचे ऑइल पूर्ण काढा. काही डब्यांच्या तळाशी जाळी असते. ती तुंबली तर नवे ऑइल भरूनही उपयोग होत नाही, डबीच बदलावी लागते.

नवे ऑइल भरल्यावर पुढची चाके उचललेली असताना, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा फिरवा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखा आणि मगच इंजिन सुरू करा. पुढेही स्टीअरिंग टोकाला नेऊन काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तेव्हा पंपावर सर्वाधिक ताण येतो.

स्टीअरिंग इलेक्ट्रिक असेल तर?

१९८८ मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्व्हो या छोट्या कारला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग दिले. आज बहुतेक नव्या कारमध्ये तेच असते. त्यात ऑइल नसते, म्हणून आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग पाहा. इंजिन चालू असताना जुन्या गाड्यांत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या.

रॅक कधी बदलायचा?

हवा, अलाइनमेंट, बेल्ट, ऑइल आणि पंपाचा दाब हे सगळे तपासून झाल्यावरच. गॅरेजमध्ये ‘रॅक गेला’ असे सांगितले तर दाब गेजने मोजला का, हे विचारा. ऑइल-बेल्टचा खर्च रॅकच्या तुलनेत किरकोळ असतो. जुन्या मॉडेलचे भाग बारामतीत मिळाले नाहीत तर पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शोधता येतात. मात्र वापरलेला रॅक घेताना गळती आणि ढिलाई तपासून घ्या.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा फिटनेस तपासणीही होते. एमएच ४२ पाटीची जुनी गाडी असेल तर त्या तारखेची वाट न पाहता गाळप हंगामाआधीच स्टीअरिंग तपासून घेणे शहाणपणाचे.