मुलांचे दात : लेखांक ४
दुधाची दाढ किडली, आता काय?

हिरडीलगत पांढरा, खडूसारखा डाग दिसला की तीच किडीची सुरुवात, हे मागच्या लेखांकात पाहिलं. त्या टप्प्यावर फ्लोराइडचं वार्निश लावलं आणि रात्री बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय सुटली, तर दात सावरतो. पण बहुतेक मुलं दवाखान्यात येतात ती खड्डा पडल्यावरच. घरातली मोठी माणसं म्हणत असतात, "दुधाचेच तर आहेत, पडतील आपोआप."

पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, म्हणून त्यांच्यापुरतं हे एक वेळ मान्य करू. दाढांना मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत काम करायचं असतं. चौथ्या वर्षी दाढ किडली, तर त्या मुलाला पुढची सहा-सात वर्षं त्याच दाढेनं चावायचंय! ती अवेळी काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा अडते. शिवाय दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, नस जवळ असते. कीड आत पोचायला वेळ लागत नाही.

मशीनच्या आवाजानं मूल घाबरेल, ही पालकांची धास्ती खरी आहे. पण दर वेळी मशीन लागतंच असं नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड या औषधाचा थेंब किडीवर लावला की ती बऱ्याचदा थांबते. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे मात्र आधीच सांगायला हवं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत. इंजेक्शन नाही, कोरणं नाही. दाढांमध्ये फट नसेल तर आधी काही दिवस छोटी रबरी रिंग अडकवून ठेवतात. मग मापाची स्टीलची कॅप सिमेंटनं भरून दाढेवर बसवायची, बोटानं दाबायची आणि मुलाला म्हणायचं, "चाव घट्ट!" कडेची हिरडी क्षणभर पांढरी पडते, जास्तीचं सिमेंट बाहेर येतं, ते पुसलं की काम झालं. चावताना कॅप उंच लागते, पण काही आठवड्यांत दात जुळवून घेतात. कीड आत कोंडली जाते. साखर मिळेनाशी झाली की तिची वाढ थांबते. स्कॉटलंडमधल्याच टेसाइड भागात 132 मुलांवर हे तपासलं गेलं: प्रत्येकाच्या एका दाढेवर कॅप, दुसऱ्या दाढेवर नेहमीचे उपचार. पाच वर्षांनी दुखणं किंवा पू होण्यासारखा मोठा त्रास कॅपच्या दाढांत 3 टक्के होता, दुसऱ्या गटात 16.5 टक्के.

"चांदीचा दात दिसेल" म्हणून अनेक आया नको म्हणतात. मी तरी कॅपच निवडेन. दाढ पडायची वेळ आली की कॅप तिच्यासकटच पडते.

ही पद्धत नस निरोगी असेल तरच चालते, म्हणून आधी एक्स-रे हवा. मूल रात्री दुखण्यानं जागं होत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर कॅपनं भागणार नाही. नसेवर उपचार करावे लागतात, नाहीतर दाढ काढून जागा राखणारी तार बसवावी लागते. गालावर सूज आणि अंगात ताप असेल तर लवंगेचं तेल लावून सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.