अटकेचा कागद कोणत्या भाषेत?

घुग्घुसच्या बाजारात मराठी, हिंदी, तेलुगू आणि गोंडी कानांवर पडते. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यामुळे गाव असे बहुभाषी झाले. पोलीस ठाण्याचा कारभार मात्र मराठीत. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याच्या हाती मराठी कागद ठेवला तर अटकेचे कारण त्याला ‘कळवले’ असे म्हणायचे का?

अटकेचे कारण कळवलेच पाहिजे, हे घटनेच्या अनुच्छेद 22(1) मध्ये आहे. तेच बंधन पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 47 मध्ये आहे. कायद्याचे शब्द फारसे बदलले नाहीत. अर्थ रुंदावला तो न्यायालयांनी. स्थानबद्धाला कळेल अशा भाषेत कारणे दिली नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ‘हरिकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात 1962 सालीच स्थानबद्धता रद्द केली होती. साध्या फौजदारी अटकेपर्यंत हा विचार पोचायला मात्र साठ वर्षांहून अधिक काळ लागला!

6 नोव्हेंबर 2025 रोजी ‘मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने सांगितले, की गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेचे आधार लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावेत. तत्काळ लिहून देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगावे. पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडावा. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. पोलीस नंतर कागद देऊन पुन्हा रिमांड मागू शकतात, ही पळवाट नव्हे. तपासाची ती गरज आहे.

‘आधार’ म्हणजे छापील तक्त्यातली कलमे नव्हेत. ‘पुरावा नष्ट होऊ नये म्हणून’ हे कोणालाही लावता येते. या माणसाने काय केले असा आरोप आहे, ते त्यात हवे. त्यावरच वकील दोन तासांत रिमांडला विरोध उभा करणार.

आमच्याकडची खरी अडचण गोंडी आणि माडियाची. बोलणारे पुष्कळ, त्या भाषेत वाचणारे थोडे. तिथे कागद वकिलासाठी आणि घरच्यांसाठी. आरोपीला दुभाष्याने समजावून सांगायलाच हवे. तो दुभाषी कोण होता, ठाण्यातलाच शिपाई की बाहेरचा, हे रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांनी विचारून नोंदवावे.