गळाच्या दोऱ्या : झीज व खरी किंमत

भंडारा जिल्ह्यांतील जुने तलाव धानास पाणी देतात, त्याचप्रमाणें मासळीचें दुसरें पीकही देतात. १९५१ सालीं मालगुजारी जाऊन हे तलाव सरकारकडे आले. आतां कित्येक शेतकरी आपल्या शेततळ्यांतही रोहू, कटला व मृगळ सोडतात. विक्रीजोगा मासा गळास लागला असतां दोरी तुटली, तर मासा, गळ व श्रम हीं तिन्ही वायां जातात. पाळीच्या दगडांवर व तळांतील खुंटांवर घांसून दोरी जेथें अशक्त झाली असेल, तेथेंच ती ओढ बसतांच तुटते. सबब वेष्टनावर छापलेला किलोचा आंकडा पाहून दोरी घेणें पुरेसें नाहीं. तो आंकडा ओढ सांगतो, झीज सांगत नाहीं.

पूर्वीं सणाची व सुताची दोरी वापरीत. ती पाण्यांत कुजे, म्हणून वरचेवर वाळवावी लागे. १९३५ सालीं अमेरिकेंत नायलॉनचा शोध लागला आणि पुढें ही अडचण दूर झाली. आज बाजारांत मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

नायलॉनची एकेरी दोरी, म्हणजे तंगूस, स्वस्त असून ताणली असतां थोडी लांबते व हिसका सोसते. मात्र ती पाणी शोषते व भिजल्यावर तिची ताकद सुमारें शेंकडा १० ते १५ कमी होते. उन्हानेंही ती कालांतरानें ठिसूळ होते.

पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली दोरी ताकदीच्या मानानें फार बारीक असते. ती पाणी शोषीत नाहीं. परंतु दगडाच्या धारेवर तिचे तंतू एकामागून एक तुटतात. शिवाय ती गुळगुळीत असल्यामुळें साधी गांठ सुटते.

फ्लुओरोकार्बनची दोरी पाणी शोषीत नाहीं, तिचा पृष्ठभाग कठीण असतो व ती पाण्यांत बुडते. पण ती महाग असते.

जाडीचा परिणामही मोठा आहे. ०.४० मिलिमीटर दोरींत ०.३० मिलिमीटर दोरीच्या पावणेदोनपट द्रव्य असतें. म्हणून तुलना करावयाची ती समान जाडीच्या दोऱ्यांचीच करावी.

परीक्षा घरींच करतां येते. प्रत्येक दोरीचा हातभर तुकडा रात्रभर पाण्यांत भिजवावा. एका टोंकास पाव किलोचें वजन बांधून तो विटेच्या कडेवरून, दर वेळीं सारख्याच अंतरानें, मागेंपुढें ओढावा व तुटेपर्यंतचे फेरे मोजावे. प्रत्येक तुकड्यास विटेची नवी कड द्यावी व पांच वेळां मोजून सरासरी काढावी.

किंमत मात्र हंगामावर काढावी. समजा, एक दोरी १०० रुपयांस मिळून एक हंगाम टिकली व दुसरी १५० रुपयांस मिळून दोन हंगाम टिकली; तर दुसरीचा खर्च हंगामास ७५ रुपयेच पडला.

तथापि सर्व दोरी महाग घेण्याचें कारण नाहीं. झीज बहुधा गळाजवळच्या एकदोन हातांतच होते. मुख्य दोरी साधी नायलॉनची ठेवून तेवढाच शेवट जाड नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा जोडावा. रोज तो भाग नखानें चांचपावा व खरखरीत लागतांच कापून टाकावा. कापलेले तुकडे बांधावर टाकूं नयेत; ते कुजत नाहींत व गुरांच्या पायांत आणि पांखरांच्या पायांत अडकतात.